पिल्लांच्या ब्रूडरचा सेलवर चालणारा वायरलेस थर्मोस्टॅट : बिघाड आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यात माझे पाचशे पिल्लांचे लहान शेड आहे आणि गेले चार हिवाळे मी ब्रूडरवर, म्हणजे पिल्लांना कृत्रिम ऊब देणाऱ्या व्यवस्थेवर, सेलचा वायरलेस थर्मोस्टॅट वापरत आहे. परिसरातील कुक्कुटपालक बंधू-भगिनी भेटल्यावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रीचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो आणि एक दिवसाच्या पिल्लाला स्वतःच्या शरीराची ऊब राखता येत नाही. त्यामुळे या लहानशा डबीतील बिघाड सकाळपर्यंत थांबण्यासारखा नसतो.

उपकरण चालत नाही असे वाटले, तर शोध कुठून सुरू करावा?

आधी त्याचे तीन भाग वेगळे समजून घ्यावेत. पहिला भाग म्हणजे पिल्लांजवळ टांगलेला, दोन पेन्सिल सेलवर चालणारा थर्मोस्टॅट, जो तापमान मोजतो आणि हिटर चालू करायचा की बंद हे ठरवतो. दुसरा भाग म्हणजे बोर्डाजवळचा रिसीव्हर, जो तो आदेश हवेतून घेतो आणि आतील रिलेने (विजेवर चालणाऱ्या लहान स्विचने) हिटरची लाईन जोडतो किंवा तोडतो. तिसरा भाग म्हणजे प्रत्यक्ष हिटर किंवा उष्णता देणारे बल्ब.

थर्मोस्टॅटवरील ठरवलेले तापमान आहे त्या तापमानापेक्षा पाच अंशांनी वाढवावे आणि रिसीव्हरजवळ उभे राहावे. दोन-तीन मिनिटांत ‘टक’ असा आवाज आला व दिवा लागला, तर पहिले दोन भाग शाबूत आहेत आणि दोष हिटर किंवा त्याच्या वायरिंगमध्ये आहे. आवाज आला नाही, तर थर्मोस्टॅट काढून रिसीव्हरपासून हातभर अंतरावर न्यावा व हीच क्रिया पुन्हा करावी. जवळ नेल्यावर रिले वाजला तर अडचण सिग्नलची आहे. जवळ नेऊनही वाजला नाही, तर सेल, थर्मोस्टॅट व रिसीव्हर यांची वायरलेस जोडणी किंवा रिसीव्हर तपासावा लागेल. या एका चाचणीने निम्मे काम होते. ती न करता थेट नवे उपकरण विकत घेणारे अनेक जण मी पाहिले आहेत.

स्क्रीनवर ३३ अंश दिसतात, पण पिल्ले एकमेकांवर चढून ढीग करून बसतात. कोणावर विश्वास ठेवावा?

पिल्लांवर. या प्रश्नाचे दुसरे उत्तर नाही.

ऊब योग्य असेल तेव्हा पिल्ले ब्रूडरखाली व आसपास सारखी पसरलेली असतात, काही खातात, काही पाणी पितात, काही पाय ताणून निजतात आणि आवाज मंद, समाधानी असतो. थंडी असेल तर ती हिटरखाली दाटीवाटीने गोळा होतात आणि उंच, सलग चिवचिवाट करतात. उष्णता जास्त झाली तर ती गार्डच्या, म्हणजे पिल्लांभोवतीच्या कुंपणाच्या, पत्र्याला चिकटून बसतात, चोची उघड्या ठेवून धापा टाकतात आणि पंख सैल सोडतात. सगळी पिल्ले एकाच बाजूला सरकली असतील, तर त्यांच्या विरुद्ध बाजूने वाऱ्याचा झोत येत आहे असे समजून त्या बाजूचा पडदा पाहावा.

स्क्रीन आणि पिल्ले यांच्यात तफावत येण्याचे मला सर्वाधिक आढळलेले कारण म्हणजे सेन्सरवर इन्फ्रारेड बल्बचा थेट प्रकाश पडणे. या बल्बची ऊब किरणांच्या रूपाने येते. ती समोरच्या वस्तूला तापवते, मधल्या हवेला फारशी नाही. सेन्सर बल्बच्या झोतात असेल तर तो स्वतः तापतो आणि हवा गार असूनही मोठा आकडा दाखवतो. माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात शेड झाडताना सेन्सरची वायर वीतभर सरकून अशीच बल्बखाली आली. पहाटे तीनच्या सुमारास चिवचिवाटाने जाग आली. स्क्रीन ३४ अंश दाखवत होती, हिटर शांतपणे बंद होता आणि कोपऱ्यात पिल्लांचा गुडघाभर ढीग झाला होता. हाताने ढीग मोडला तेव्हा वरची पिल्ले गार आणि खालची घामेजल्यासारखी ओली लागली. सतरा पिल्ले दबून मेली होती. तेव्हापासून सेन्सरच्या वर एक लहानशी पांढऱ्या पुठ्ठ्याची झापड असते आणि त्याची वायर खुंटीला दोन ठिकाणी बांधलेली असते.

सेन्सर नेमका किती उंचीवर टांगावा?

पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर, म्हणजे गादीपासून (जमिनीवर पसरलेल्या तुसाच्या थरापासून) साधारण दोन इंच वर आणि हॉवरच्या (ब्रूडरवरच्या छत्रीच्या) कडेजवळ. माणसाच्या छातीच्या उंचीवर टांगलेला थर्मोस्टॅट माणसाला सोयीचे तापमान राखतो. ऊबदार हवा वर जाते, त्यामुळे वर ३२ अंश असताना जमिनीवर २६ अंश असणे हिवाळ्यात नवलाचे नाही.

मात्र इथे एक खरी अडचण आहे. तापमान मोजण्यासाठी जागा खाली हवी आणि सिग्नल पाठवण्यासाठी वर हवी. जमिनीलगत, ओलसर गादी आणि पिल्लांच्या गर्दीच्या पातळीवर रेडिओ लहरी शोषल्या जातात. शिवाय तिथे धानाच्या तुसाची धूळ आणि विष्ठेतून निघणारा अमोनिया असतो, जो सेलच्या पट्ट्या गंजवतो. म्हणून उपकरण विकत घेतानाच बाहेर काढलेल्या वायरीचा, टोकाला सेन्सर असलेला प्रकार घ्यावा. डबी पाच-सहा फुटांवर, तारेला टांगून ठेवावी आणि फक्त सेन्सरचे टोक खाली सोडावे. ज्यांच्याकडे सेन्सर डबीच्याच आत आहे, त्यांनी डबी खाली ठेवून सिग्नल पोहोचतो का हे बॅच येण्याआधी तपासून घ्यावे.

कोणत्या वयाला किती तापमान ठरवावे?

पहिल्या आठवड्यात ३५ अंशांपासून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करत जावे. पिल्ले येण्यापूर्वी किमान चोवीस तास ब्रूडर चालू ठेवावा, कारण हवा तासाभरात तापते, पण गादी आणि खालची जमीन तापायला वेळ लागतो.

सेल महिनाभरही टिकत नाहीत. उपकरण खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. पहिली गोष्ट, स्वस्त साधे सेल वापरले जातात. भिंतीवरच्या घड्याळात ते चालतात, कारण घड्याळाला अगदी कमी प्रवाह लागतो. थर्मोस्टॅट मात्र सिग्नल पाठवताना क्षणभर मोठा प्रवाह ओढतो आणि त्या क्षणी साध्या सेलचा दाब (व्होल्टेज) खाली बसतो. यासाठी अल्कलाइन सेलच घ्यावेत, दोन्ही एकाच कंपनीचे व एकाच वेळी बदललेले असावेत. एक जुना आणि एक नवा घातल्यास जुना सेल लवकर पूर्ण रिकामा होतो व गळू लागतो.

दुसरी गोष्ट, थंडी. कडाक्याच्या रात्री सेलचा अंतर्गत रोध वाढतो, म्हणून दुपारी ठीक दिसणारे सेल पहाटे ‘लो’ दाखवतात आणि ऊन चढल्यावर पुन्हा सुधारल्यासारखे वाटतात. असे एकदा झाले की ते सेल त्याच दिवशी बदलावेत, कारण पुढची रात्र त्यांच्या भरवशावर काढण्यासारखी नसते.

तिसरी गोष्ट, हिटर सारखा चालू-बंद होत असेल तर आदेशही तितक्याच वेळा पाठवले जातात आणि सेल झिजतात. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

रिचार्जेबल सेल चालतील का?

रिचार्जेबल सेलचा दाब १.२ व्होल्ट असतो आणि अल्कलाइनचा १.५ व्होल्ट, म्हणजे दोन सेलचे ३ ऐवजी २.४ व्होल्टच मिळतात. अनेक उपकरणे एवढ्यावर सुरुवातीपासूनच ‘लो’ दाखवतात. पुस्तिकेत स्पष्ट परवानगी असेल तरच वापरावेत.

सेलच्या खोबणीत पांढरा-हिरवा थर जमला आहे.

सेल गळला आहे. तो हातमोजा किंवा प्लास्टिकची पिशवी घालून काढावा, कारण अल्कलाइन सेलमधून निघणारा द्रव त्वचेला व डोळ्यांना भाजतो. कानकोरणीच्या कापसावर थेंबभर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पट्ट्या पुसाव्यात, नंतर किंचित ओल्या व मग कोरड्या कापसाने पुसून पूर्ण वाळू द्याव्यात. स्प्रिंग काळी पडली असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासावी. बॅच निघाल्यावर शेड रिकामे राहते, त्या काळात सेल काढूनच ठेवावेत. एवढ्या एका सवयीने उपकरणाचे आयुष्य वाढते.

सेल बदलल्यावर रिसीव्हर थर्मोस्टॅटला ओळखतच नाही.

चांगल्या उपकरणात जोडणीची नोंद कायम राहते, त्यामुळे आधी दहा मिनिटे थांबावे. थर्मोस्टॅट सतत बोलत नाही, ठरावीक अंतराने पाठवतो. तरीही काही झाले नाही तर जोडणी नव्याने करावी : रिसीव्हरचे बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून ठेवावे आणि मग थर्मोस्टॅटवरील जोडणीचे बटण दाबावे. ही क्रिया करताना दोन्ही उपकरणांत किमान एक-दोन मीटर अंतर असावे, कारण अगदी चिकटून ठेवल्यास काही रिसीव्हर गोंधळतात. शेजारच्या शेडमध्ये त्याच कंपनीचे उपकरण असेल, तर त्यांचा थर्मोस्टॅट त्या वेळी जोडणीच्या स्थितीत नाही ना, हे विचारून घ्यावे.

पत्र्याच्या शेडमध्ये सिग्नल मधूनच तुटतो.

लोखंडी पत्रा रेडिओ लहरींना अडवतो, त्यामुळे रिसीव्हर पत्र्याच्या पलीकडच्या खोलीत ठेवू नये. तो शेडच्या आत, लाकडी फळीवर, लोखंडी अँगलपासून व मोटरच्या स्टार्टरपासून दूर लावावा. शेडची बाजू जाळीची असली तरी बारीक लोखंडी जाळीही सिग्नल कमी करते. ४३३ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या रिसीव्हरच्या डब्यातून साधारण १७ सेंटीमीटर लांबीची एक मोकळी वायर लोंबत असते. ती अँटेना आहे आणि तिची लांबी त्या लहरीच्या लांबीच्या एक चतुर्थांश इतकी मोजून ठेवलेली असते. लोंबते म्हणून ती कापू नये व गुंडाळी करून डब्यात कोंबू नये. ती सरळ उभी ठेवावी.

लाईन जाऊन आली की हिटर आपोआप सुरू होत नाही.

हा प्रश्न आपल्या भागात सर्वांत महत्त्वाचा आहे आणि पुस्तिकांमध्ये त्याला जेमतेम एक ओळ दिलेली असते. लाईन गेल्यावर थर्मोस्टॅट सेलवर जागा राहतो, पण रिसीव्हर मरतो. लाईन आल्यावर रिसीव्हर ‘बंद’ स्थितीत उठतो. काही उपकरणे ठरावीक वेळाने आदेश पुन्हा पाठवतात, ती थोड्या वेळात सावरतात. काही मात्र स्थिती बदलली तरच आदेश पाठवतात. त्यांच्या दृष्टीने हिटर ‘चालू’ करण्याचा आदेश आधीच दिलेला असतो, म्हणून ती पुन्हा सांगत नाहीत आणि पिल्ले गारठतात.

आपले उपकरण कोणत्या प्रकारचे आहे हे पिल्ले येण्यापूर्वी पाहून घ्यावे. हिटर चालू असताना मेन बंद करावा, दोन मिनिटांनी पुन्हा चालू करावा आणि घड्याळ लावून थांबावे. पंधरा मिनिटांत हिटर लागला नाही, तर ते उपकरण दुसऱ्या प्रकारचे आहे. तात्पुरता उपाय म्हणजे लाईन आल्यावर तापमान अगदी खाली घेऊन पुन्हा वर करणे, ज्यामुळे नवा आदेश जातो. कायमचा उपाय म्हणजे रिसीव्हरला, फक्त रिसीव्हरला, घरच्या वायफाय राउटरला लावतात तसा लहान बॅटरी बॅकअप देणे. मात्र तो रिसीव्हरला चालणाऱ्या व्होल्टेजचाच असावा.

रिले वाजतो, दिवा लागतो, पण हिटर थंडच.

मेन बंद करून मग हात लावावा. हिटरच्या जागी साधा टेस्ट लॅम्प जोडून पाहावा. लॅम्प लागला तर हिटरची कॉइल किंवा बल्ब गेला आहे. लागला नाही तर रिलेचे संपर्क जळले आहेत किंवा जोडणीचा स्क्रू सैल आहे. सैल स्क्रूभोवतीचे प्लास्टिक पिवळे-तपकिरी झालेले दिसते आणि जळका वास येतो. स्क्रू असलेली अशी पट्टी घट्ट करून वापरू नये, बदलून टाकावी.

हिटर बंदच होत नाही. स्क्रीनवर मात्र ‘बंद’ दिसते.

प्रथम एमसीबी (बोर्डावरचा लाईन तोडणारा स्विच) पाडावा, विचार नंतर करावा. रिलेचे संपर्क एकमेकांना चिकटले आहेत.

याचे कारण बहुधा जास्त भार हे असते. २००० वॅटचा हिटर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर घेतो. रिलेवर १० अँपिअर लिहिलेले असले तरी त्याच्यावर रोज शेकडो वेळा एवढा भार टाकणे योग्य नाही. इन्फ्रारेड बल्बची तार थंड असताना तिचा रोध फार कमी असतो, म्हणून चालू होण्याच्या क्षणी ते नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतात, आणि संपर्क चिकटतात ते त्याच क्षणी. म्हणून रिसीव्हरने थेट हिटर न चालवता कॉन्टॅक्टर (जास्त भार पेलणारा मोठा रिले) चालवावा आणि कॉन्टॅक्टरने हिटर. कॉन्टॅक्टरने फेज तोडला पाहिजे, न्यूट्रल नव्हे.

याशिवाय एक साधा, यांत्रिक, कॅपिलरी प्रकारचा (द्रव भरलेल्या बारीक नळीचा) थर्मोस्टॅट त्याच लाईनमध्ये सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, बसवून ३८ अंशांवर ठेवावा. वायरलेस उपकरण कितीही चुकले तरी तो वरची मर्यादा ओलांडू देत नाही. कोरडा तूस, लोंबणारा तापलेला बल्ब आणि निजलेले घर ही आगीची तयारीच असते. बल्ब आणि हिटर वायरीवर न टांगता साखळीने टांगावेत आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच लाईन तोडणारा स्विच) असावाच.

हिटर अखंड चालू आहे, तरी तापमान चढत नाही.

थर्मोस्टॅटला दोष देण्याआधी व्होल्टेज मोजावे. हिटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० ऐवजी १७० व्होल्ट मिळत असतील, तर २००० वॅटचा हिटर जेमतेम ११०० वॅट देतो, म्हणजे जवळजवळ अर्धा. सभोवतालचे कृषिपंप चालू झाले की लांबच्या डीपीवरील (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरील) शेडमध्ये हे हमखास घडते. स्टॅबिलायझर घेणे परवडत नसेल, तर तापवायची जागाच लहान करावी : चिक गार्ड जवळ घ्यावा, वरून सुती चादरीचे किंवा पोत्यांचे अर्धे छत करावे, पण ते हिटरपासून पुरेसे दूर असावे. पडदे मात्र पूर्ण बंद करू नयेत. वरची वीतभर जागा मोकळी राहिली नाही तर अमोनिया साठतो आणि पिल्लांचे डोळे चुरचुरतात.

हिटर दर मिनिटाला चालू-बंद होतो.

हिटर चालू होण्याच्या आणि बंद होण्याच्या तापमानांतील फरक फार कमी ठेवलेला असतो. तो ०.२ किंवा ०.५ वरून १ अंशावर न्यावा. पिल्लांना एवढ्या चढउताराने काही होत नाही, सेल आणि रिले मात्र वाचतात.

थर्मोस्टॅट खरे तापमान दाखवतो का, हे घरच्या घरी कसे तपासावे?

स्टीलच्या पेल्यात बारीक फोडलेला बर्फ भरून त्यात बर्फाच्या फटी भरतील एवढेच पाणी घालावे आणि ढवळावे. हे मिश्रण शून्य अंशावर स्थिर राहते. वायरीच्या टोकाचा सेन्सर प्लास्टिकच्या बारीक पिशवीत घालून त्यात पाच मिनिटे बुडवावा. स्क्रीन एक-दीड अंशाने चुकत असेल तर सेटिंगमधील दुरुस्तीने भरून काढावे. मात्र शून्याला बरोबर असलेला सेन्सर ३५ अंशांवरही बरोबर असेलच असे नाही, म्हणून कोमट पाण्यात डॉक्टरी थर्मामीटरसोबतही ताडून पाहावा. सेन्सर १० किलोओहमचा असेल, तर मल्टिमीटरवर २५ अंशांना सुमारे १० आणि ३५ अंशांना सुमारे साडेसहा किलोओहम दिसतात. आकडा अनंत दाखवत असेल तर वायर तुटली आहे. आमच्याकडे ती दोनदा उंदरांनी कुरतडली होती.

ऑनलाइन मागवलेल्या थर्मोस्टॅटवर ३० च्या वर आकडा जातच नाही.

ते उपकरण माणसांच्या घरासाठी बनवलेले आहे. थंड देशांत घरोघरी गरम पाण्याचे रेडिएटर असतात आणि सेलवर चालणारा वायरलेस थर्मोस्टॅट त्यांच्या व्हॉल्व्हवर फिरकीसारखा बसवतात. त्यातली लहान मोटर पाण्याचा मार्ग उघडते किंवा बंद करते. विजेचा हिटर त्याने चालत नाही आणि त्याची कमाल मर्यादा बहुधा २८ ते ३० अंशच असते, कारण खोलीला त्याहून जास्त लागत नाही. पहिल्या आठवड्यातील पिल्लाला ३५ अंश लागतात. विकत घेताना जाहिरातीतील चित्र न पाहता दोनच गोष्टी वाचाव्यात : तापमानाची कमाल मर्यादा आणि रिलेची क्षमता.

बल्ब बदलल्यापासून ऊबच येत नाही.

एलईडी बल्ब लावले गेले आहेत का, ते पाहावे. ते उजेड देतात, ऊब नव्हे.

उन्हाळ्याच्या बॅचला हेच उपकरण चालेल का?

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा दिवसा ऊब देण्याचा प्रश्नच उरत नाही, पहाटेचे काही तास सोडले तर. अनेक उपकरणांत ‘हीट’ आणि ‘कूल’ अशा दोन रीती असतात आणि ‘कूल’वर तेच उपकरण पंखा किंवा फॉगर (पाण्याचे धुके फवारणारे यंत्र) चालवते. पुढच्या हिवाळ्यात ती परत ‘हीट’वर आणायला विसरल्यास हिटर नेमका उलटा चालतो : थंडीत बंद आणि उष्णतेत चालू. सेल बदलल्यावरही काही उपकरणे ही नोंद हरवतात.

गॅस ब्रूडरला हा थर्मोस्टॅट लावावा का?

ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारी यंत्रणा ब्रूडरमध्ये मुळातच असेल तरच, आणि तेही जाणकार मेकॅनिककडून. घरगुती जुगाड करून गॅसच्या नळीत व्हॉल्व्ह बसवू नये.

मध्यरात्री सगळेच बंद पडले, तर त्या क्षणी काय करावे?

रिसीव्हरला ओलांडून हिटर थेट चालवणारा एक स्वतंत्र स्विच बोर्डावर आधीच बसवलेला असावा व त्यावर तसे लिहिलेले असावे, म्हणजे घरातील कोणालाही तो दाबता येईल. तो चालू केल्यावर यांत्रिक थर्मोस्टॅटची वरची मर्यादा लागू राहते, तरीही शेडमध्ये कोणीतरी बसून राहावे.

लाईनच नसेल तर कोळशाची शेगडी बाहेर पूर्ण पेटवून, धूर संपल्यावर, गार्डच्या बाहेर पत्र्याच्या आडोशाने ठेवावी आणि वरचे पडदे उघडे ठेवावेत. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तो पिल्लांना मारतो आणि सोबत झोपलेल्या माणसालाही, म्हणून त्या रात्री शेडमध्ये झोपू नये. गरम पाण्याच्या बाटल्या पोत्यात गुंडाळून पिल्लांमध्ये ठेवल्या तर तासभर आधार मिळतो. दर पंधरा मिनिटांनी ढिगात हात घालून पिल्ले हलक्या हाताने पसरवावीत आणि वरच्यांना खाली, खालच्यांना वर आणावे.